ताप उतरल्यानंतर

४ जानेवारी
आज रुजू झाले. बसस्थानकाची अनाउन्सर! खोली म्हणजे काचेचा खोका. एक खुर्ची, एक माइक आणि आधीच्या बाईंनी सोडलेला कप, आतून काळाकुट्ट. कंट्रोलरसाहेब म्हणाले, आवाज खणखणीत आहे, आता फलाटावर कुणी पेंगणार नाही. बारा थांब्यांची नावं एका दमात म्हटली. राहणं ताईकडेच, तिसऱ्या मजल्यावर. ती म्हणाली, गावाला आज ऐकू आला तो आवाज मी तुझ्या जन्मापासून फुकट सोसतेय.

१९ जानेवारी
तिकीट खिडकीवरच्या बाईंचा साथीचा ताप मला लागला. सहा दिवस अंथरुणात. ताईने रजा काढली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. आज ताप उतरला. तपासणीतही काही निघालं नाही. सुटले एकदाची.

११ फेब्रुवारी
कामावर जातेय, पण थकवा काही जात नाही. कोरडा खोकला. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर बसावं लागतं. आज पाचव्या थांब्यापाशीच दम संपला. माइक सुरू होता. भोंग्यांतून माझी धाप अख्ख्या स्थानकाला ऐकू गेली. लोक माना वर करून बघत राहिले.

२ मार्च
ताई आणि मी छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पाठीला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं. मी हट्ट केला म्हणून नळी माझ्या कानात दिली. चपलेचा वेल्क्रो सावकाश उघडावा, तसा आवाज. प्रत्येक श्वासाला.
त्यांनी समजावलं. विषाणू केव्हाच मेला. त्याला मारायला निघालेल्या पेशी मात्र थांबल्याच नाहीत. त्यांच्या माऱ्याने फुप्फुस सोलवटतंय, शरीर ते बुजवत सुटलंय आणि बुजवलेली जागा जुन्या व्रणासारखी घट्ट होतेय. तिथून हवा रक्तात जात नाही.
मी विचारलं, मग आता आत आहे कोण?
म्हणाल्या, तुम्हीच.

९ मार्च
पेशींना आवरायच्या गोळ्या सुरू. झोप उडालीय, भूक खवळलीय. ताई म्हणते, निदान जेवतेस तरी. व्रण झालेली जागा परत येत नाही म्हणे, उरलेली राखायची. काहीच दुखत नाही. दुखलं असतं तर कळलं तरी असतं, आज कुठवर आलंय.

१७ मार्च
गोळ्यांनी फरक नाही. स्कॅनमध्ये पांढरी जाळी वर सरकलीय. साहेबांचा निरोप आला, कधी येताय? ताईने मला न विचारता नाही म्हणून टाकलं. राग आला. पण रागालाही दम लागतो.

२१ मार्च
इस्पितळ. नाकात नळी. कूस बदलली की ऑक्सिजनचा आकडा घसरतो — नर्स धावत येते — मग पुन्हा तेच.

२४ मार्च
बोलणं बंद. लिहिते. आतलं काम चालूच — माझ्याच भल्यासाठी — कुणीतरी सांगा त्याला, पुरे —

२५ मार्च
ताई उशाशी. विचारते, बरं वाटतंय ना. मान हलवली. खरं सांगायचं तर एक लांब श्वास लागेल, तो —