चेकलिस्टबाहेरचं

कॅप्टनसाहेब,

संपात तुम्ही विमानं उडवलीत, तेव्हापासून आम्ही युनियनवाले तुमच्याशी चेकलिस्टपलीकडे अवाक्षर बोलत नाही. आज विमान उतरवायच्या आधी तुम्ही हळूच म्हणालात, "बायकोचा रिपोर्ट आलाय. चांगला नाही."

मी चेकलिस्टवरचं पुढचं वाचलं, "चाकं?"

"खाली," तुम्ही म्हणालात, आणि विमान अलगद टेकवलंत. असं टेकवायला मला तुम्हीच शिकवलंत.

क्रू रूममध्ये मी हे फुशारकीने सांगितलं. सगळ्यांनी पाठ थोपटली, चहा पाजला. तो तसाच ठेवून मी बाहेर आलो.

वहिनींना काय झालंय, एवढं विचारायला कागद घेतला. पण उद्याही आपली ड्यूटी एकत्रच आहे, आणि मी पुन्हा तेवढंच विचारणार आहे, चाकं खाली आहेत का.

तोंड शिवून बसलेला,
तुमचा को-पायलट