सरकीले गजकर्ण कोणी दिलं?

हिंगणघाट, शुक्रवार दुपार

सौ. लीलाताईले धाकट्या प्रमिलेचा वाकून नमस्कार. सदाशिवराव भाऊजीलेही सांगजो. तुही कंबर कशी आहे, तुह्या अश्विनची नवी बायको रुळली का, सगळं कळवजो. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं विचारशील तं घरात एक जीव स्वस्थ नाई. सगळे खाजवून राह्यले. (मधातच ओळ वाकडी गेली तं समजून घेजो. चट्टा डाव्या मनगटावर आहे, पण खाजवाले उजवाच हात लागते.) फोन केला असता, पण तुमच्या घरी फोन स्पीकरवर असते अन् भाऊजी बाजूले बसून "बरं, बरं" म्हणतेत. ही गोष्ट त्याइच्या कानावर एकदम घालण्यासारखी नाई.

आमची मांजर सरकी तुले माहीत आहे. कापसाच्या जिनिंगमधल्या सरकीच्या ढिगात सापडलती म्हणून ते नाव. तिच्या कानामागचे केस गेले, रुपयाएवढा गोल चट्टा पडला. मंग माह्या मनगटावर तसाच उठला. आमच्या यायच्या गळ्यावर तं चट्ट्याइची अख्खी माळच. झालं! हे म्हणाले, "मांजरीनंच घर नासवलं. रविवारी जाम गावाले चाललो, पोत्यात घालून चौकात सोडून देतो. ढाबे आहेत, खाईल अन् राहील." हायवेचा चौक, माय वं! ट्रकवाले थांबतेत का मांजरीसाठी? अन् यायनं तं सगळंच सरकीच्या माथी मारणं सुरू केलं. शिंक आली, सरकी. गुडघा दुखला, सरकी. बीपी वाढलं तेही सरकीमुळं (दोन दिवस लागोपाठ मटन खाल्लं, ते राह्यलं बाजूले).

म्हणून काल तिले पिशवीत घालून जनावराच्या दवाखान्यात नेलं. हेही आले, गुन्हा शाबीत करायले. ऑटोत सरकी पिशवीतून निसटली अन् बाजूच्या बाईच्या हिरव्यागार सांबाराच्या जुड्याइनं भरलेल्या टोपल्यात जाऊन बसली. बाई ओरडली, ऑटोवाल्यानं ब्रेक मारला, हे तोंडावर सांबारात पडले, अन् अख्खं टोपलं आम्हाले घ्यावं लागलं. कालपासून घरात सांबारवडीच चालू आहे.

डॉक्टरीण पोरगेलीच, पण बोलायले फटकळ. सरकीचा कान पाह्यला, माहं मनगट पाह्यलं, यायचा गळा लांबूनच पाह्यला. गजकर्ण, म्हणे. हे एकदम खूश! "मांजरीपासून माणसाले लागते ना?" ती म्हणाली, "लागते. अन् माणसापासून मांजरीलेही लागते. घरात आधी कोणाले झालं?" यायनं गुडघ्याचा विषय काढला. ती म्हणाली, "काका, गुडघा मांजरीपासून लागत नाई. आधी कोणाले झालं ते सांगा." हे भिंतीवरचं गाईचं चित्र पाहत बसले. मंग मीच सांगतलं, की यायची खाज अश्विनच्या लग्नापासूनची आहे अन् सरकीचा चट्टा आत्ता होळीनंतरचा. तिनं सरकीले मलम देलं, आम्हाले चामडीच्या डॉक्टरकडे धाडलं, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवा म्हणे, अन् बरी होईपर्यंत तिले कुशीत घेऊ नका. सोडून द्या असं काई म्हणाली नाई.

लग्नापासूनची म्हटल्यावर मले काई बसवेना. घरी येऊन अश्विनच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. तुले आठवते ना वं, मानाचे दुपट्टे कमी पडलते? सगळ्या पाहुण्याइले दुपट्टा-टोपी झाली अन् हे धाकटे साडू तसेच उभे. तेव्हा भाऊजीनं भर मांडवात स्वतःच्या गळ्यातला दुपट्टा काढून यायच्या गळ्यात घातला. यायचे डोळे भरून आलते. तेव्हापासून तो दुपट्टा यायनं धुऊ देला नाई (आशीर्वाद निघून जाईल म्हणे). रात्री उशीवर टाकून हे झोपतेत, दिवसा त्याच्यावर सरकी झोपते. अन् व्हिडिओत काय पाहू? मंगलाष्टकं चालू, सगळे अक्षता टाकून राह्यले, अन् भाऊजी (रागावू नको ताई) दोन्ही हातानं गळा खाजवून राह्यले!

मी यायले दाखवलं. हे भडकले, "सदाशिव मास्तराच्या दुपट्ट्यावर आळ घेते? एवढा आदर मले जन्मात कोणी केला नाई." ते खरं आहे. दुकानात दिवसभर गिऱ्हाईक अरे-तुरे करते, यायच्यासाठी तो दुपट्टा लय मोठा आहे. पण म्हणून मुकं जनावर हायवेवर टाकायचं का? मले राग आला अन् रडूही आलं. पोतं आणून ठेवलं आहे, त्याले हे स्वतःच भोकं पाडून राह्यलते, हवा लागावी म्हणून.

भाऊजीले नमस्कार, अश्विनले अन् सुनेले आशीर्वाद.

तुही खाजरी बहीण,
प्रमिला

ता. क. – भाऊजीनं यायले एक फोन करावा, एवढंच मागणं आहे. "डोमाजी, मलेही खाज होती" इतकं म्हटलं तरी पुरे. दुसऱ्या कोणाचं हे ऐकत नाईत.

दुसरं ता. क. – पण मास्तर लोकाइले कबूल करायले वेळ लागते, अन् रविवार परवावर आला. म्हणून हे पत्र माह्या पोराच्या, धर्मेंद्रच्या हातानं वर्धेले धाडून राह्यली. त्याच्याजवळची पिशवी दार लावून मंगच उघडजो. तुमच्या घरी खाज पयलेपासूनच आहे, नवं काई लागणार नाई. हिरव्या झाकणाचं मलम सरकीचं, भाऊजीले लावजो नको. खाली दुपट्टाही घातला आहे, त्याच्याशिवाय ती झोपत नाई.

तिसरं ता. क. – धर्मेंद्र चपला घालून उभा आहे अन् हे आत्ताच दुकानातून जेवायले आले. आल्या आल्या विचारलं, "सरकी कुठं आहे? दिसून नाई राह्यली." दुपट्ट्याचं मंग विचारलं. तरी मी पिशवी उघडली नाई. रविवार उलटेपर्यंत दोन्ही तुह्याकडेच राहू देजो.