पश्चिमेची काच

अहमदाबाद, २१ एप्रिल १९९१

आईस,
तुझ्या रत्नमालेचा दुरून जयभीम. माझी तब्येत बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? गुलाबनं तेल आणलं का?

जळगावच्या नव्या संग्रहालयाचं कात्रण तू किती कौतुकानं पाठवलंस! फोटो नीट पाहिला. आई, ती इमारत माझी नाही.

मी नकाशात पश्चिमेला जाड दुहेरी भिंत आखली होती, खिडकी एकही नाही. आपल्या बियाण्याच्या खोलीवरूनच सुचलं होतं ते. विजेशिवाय आत गारवा राहिला असता, वस्तूंना आणि बघायला येणाऱ्यांनाही. आमच्या ऑफिसच्या सरांनी मला इकडे सहा महिने शिकायला पाठवलं, स्टेशनवर सोडायलासुद्धा आले. आणि माझ्या मागं त्या भिंतीच्या जागी सगळी काच लावली! म्हणे, एसी आहे. दुपारी वीज जाते तेव्हा काय करणार?

दारावरच्या पाटीवर मात्र सरांच्या नावाखाली माझं नाव तसंच ठेवलंय.

तू काळजी करू नकोस, मी जेवतेय वेळेवर. फक्त एक कर. आजीनं दीक्षेला नेसलेलं पांढरं लुगडं संग्रहालयाला देताना तू म्हणाली होतीस, "लुगड्याले ऊन लागू नको देजो, माय." मी शब्द दिला होता. त्या काचेमागं ते दोन-चार उन्हाळ्यांत पिवळं पडून विरेल. उद्घाटनाआधी गुलाबला घेऊन जा आणि ते परत माग.

का म्हणून विचारलं, तर पाटीवरचं माझं नाव दाखव आणि म्हण, हिनंच सांगितलंय.

तुझीच,
रत्नमाला