इथे बनवू नकोस

मंगळवार, ९ सप्टेंबर

आई,

नमस्कार, साष्टांग, जेवलीस का, झोप लागते का, हे सगळं आधीच एका दमात उरकून घेते. फोनवर एवढं विचारेपर्यंतच तुझं "बरं, ठेवू का?" सुरू होतं. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी तीन मिनिटं भरली की तुझा हात आपोआप लाइन तोडायला जातो. आज मला भरपूर फुशारकी मारायची आहे आणि ती तीन मिनिटांत मावणार नाही. म्हणून पत्र. ही लाइन तुला तोडता येत नाही, बस आता ऐकत. गुडघ्याचं पुढे बोलते, विसरलेले नाही.

आमचं यंत्र तुला माहीत आहे. खाटेशेजारच्या दांडीवर लावलेली ती पेटी, सलाईन मोजून सोडते ती. तिच्यात यंदा एक नवी सोय घालायची होती. नळीत हवेचा बारीकसा बुडबुडा जरी आला, तरी तो पूर्वीपेक्षा लवकर ओळखायचा आणि थांबायचं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने ती फार छान लिहिली. पण जुन्या यंत्रांच्या चिपमध्ये ती मावेचना. आधीच तिथे मुंगी शिरायला जागा नाही. साहेब म्हणाले, "जुन्यांना नको. नव्या यंत्रांना देऊ, विषय संपला."

विषय कसा संपेल? जुनी यंत्रं असतात छोट्या दवाखान्यांत. ते काही उद्या उठून नवी घेणार नाहीत. म्हणजे मोठ्या दवाखान्यातल्या पेशंटचा बुडबुडा लवकर कळणार आणि छोट्यातल्याचा उशिरा? माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "साहेब, जागा आहे. आपणच ती अडगळीने भरून ठेवली आहे. मला एक आठवडा द्या."

"घ्या," साहेब म्हणाले. "पण अडगळीतून विंचू निघाला, तर माझ्या नावाने ओरडायचं नाही."

आता गंमत सांगते, आणि तुला ती माझ्या साहेबांपेक्षा लवकर कळेल. आमचा प्रोग्राम म्हणजे पुष्कळ फाइली. कंपायलर नावाचा गृहस्थ एकेक फाइल घेतो आणि ती यंत्राला समजेल अशी करून बाजूला ठेवतो. एक फाइल हातात असली की दुसरीत काय आहे याचा त्याला पत्ता नसतो. आमच्याकडे कोडचे काही साचे आहेत. लागेल तेव्हा साच्यातून तुकडा काढायचा. एखाद्या फाइलला तो तुकडा लागला की कंपायलर म्हणतो, दुसरीकडे कोणी केलाय की नाही मला काय ठाऊक, आपला इथे एक करून ठेवावा. पुढच्या फाइलीत पुन्हा तेच. अशा त्याच त्या तुकड्याच्या नकला फाइलीफाइलीत पडलेल्या. एका घरात राहून प्रत्येकाची चूल वेगळी!

सगळ्या फाइली तयार झाल्या की लिंकर येतो. लिंकर म्हणजे तू. बोर्डापुढे बसून तू याचा फोन त्याला जोडून द्यायचीस, तसा तो एका फाइलची मागणी दुसरीला जोडून देतो. पण आमच्याकडे जो तो घरातल्या घरात नक्कल ठेवून बसलेला, त्यामुळे लिंकरकडे कोणी काही मागतच नव्हतं. तो बिचारा सगळं सामान जसंच्या तसं चिपमध्ये कोंबत होता.

त्यावर उपाय म्हणजे कंपायलरला द्यायची एक सूचना. एकच ओळ असते. हा तुकडा इथे बनवू नकोस. आणि कुठल्या तरी एका फाइलीत उलटी ओळ लिहायची, की हा इथे बनव, सगळ्यांसाठी. या ओळी स्वतः चिपमध्ये जातसुद्धा नाहीत. कंपायलरच्या कानात सांगितलं की त्यांचं काम झालं. मी त्या सगळ्या नकला शोधल्या आणि सगळ्या फाइलींना लागू होईल अशा जागी लिहून टाकलं, इथे बनवू नकोस. फाइली तयार व्हायला लागल्या. एकीनेही कुरकूर केली नाही. मी तर मनात पेढे वाटून मोकळी!

आणि लिंकर अडला. सगळे हा तुकडा मागताहेत, पण तो कुणाकडेच नाही, असं म्हणून हात वर करून उभा. मी "बनवू नकोस" सगळ्यांना सांगितलं होतं, "तू बनव" कुणाला सांगायचंच राहिलं होतं. साहेब नेमके मागे उभे. "काय बाई, निघाला का विंचू?" सगळा मजला हसला, मीही हसले. मग एका फाइलीत ती ओळ लिहिली आणि प्रोग्राम गुपचूप जोडला गेला. जुन्या चिपमध्ये मावला, वर थोडी जागा उरली.

साहेबांनी स्वतः नळीत बुडबुडा सोडला. यंत्र थांबलं. पुन्हा सोडला, पुन्हा थांबलं. लहान मूल दिव्याचं बटण दाबतं तसं त्यांचं चाललेलं. शेवटी मी म्हटलं, "साहेब, यंत्र दमणार नाही, पण मला भूक लागली आहे." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हे तुमच्याशिवाय कोणी केलं नसतं." आई, मी खरंच हवेत होते त्या दिवशी. मला माझा अभिमान वाटला आणि तो लपवावासा वाटला नाही. तुला नाही सांगणार तर कुणाला सांगणार?

हे काम आता मोठमोठ्या डॉक्टरांपुढे दाखवायचं आहे, व्यासपीठावर वगैरे. साहेबांनी त्यासाठी मलाच निवडलं. त्याचं काय ते सांगते नंतर.

आधी तुझं कपाट. मागच्या खेपेला मी उघडलं तेव्हा त्यात बीपी मोजायची तीन यंत्रं होती. दादाने पाठवलेलं, ताईने पाठवलेलं, मी पाठवलेलं. गरम पाण्याच्या पिशव्या तीन. काठ्या तीन. तू काय म्हणालीस आठवतं? "तिघांनी तीन काठ्या पाठवल्यात, अरे, हात दोनच आहेत मला." मी हसून हसून पलंगावर पडले होते. आता आठवलं की हसू येत नाही.

कारण मागच्या आठवड्यात सोमवारी, प्रोग्राम जोडला गेल्यावर, मी जेवायला बसले आणि आपल्या घरच्या ग्रुपवरचं सगळं वर जाऊन वाचलं. तू लिहिलं होतंस, गुडघ्याचं ऑपरेशन २६ तारखेला ठरलं. दादाने लिहिलं, "छान. ताई जवळ आहे, ती असेलच." ताईने लिहिलं, "मुलीची परीक्षा आहे, पण बारकीला सुट्टी मिळते." आणि मी, तुझ्या हुशार बारकीने, लिहिलं होतं, "दादा बघेल ना सगळं." तिघांनी अंगठे दाखवले. कुणाची तक्रार नाही. सगळ्यांत खाली तुझी एक ओळ. "मी बघते माझं मी."

यंत्रातली ही चूक मी एका ओळीत दुरुस्त केली, आणि इथे त्याच चुकीत मी स्वतः जाऊन बसले होते.

तर ते व्यासपीठही २६ तारखेलाच आहे. आता लगेच "कामापेक्षा माझा गुडघा मोठा लागून गेला का" सुरू करू नकोस. मी साहेबांना सांगून आले. ते म्हणाले, "तुमच्या घरी दुसरं कोणी नाही का?"

मी म्हटलं, "आहेत की, दोघं. म्हणूनच तर."

त्यांना ते कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी सुट्टीवर सही केली. भाषण आता ती शेजारची मुलगी करणार आहे. बुडबुड्याचं काम तिचंच, तिचाही मान आहे. तिला भीती वाटते, म्हणून रोज माझ्यापुढे उभी करून म्हणवून घेते. भाषणाच्या पहिल्या पानावर साहेबांनी नाव मात्र माझंही ठेवलं आहे. ते पान मी तुला खाटेवर दाखवीन, आणि तू चष्मा लावून सावकाश वाचायचं.

ग्रुपवर मी काल लिहिलं, "आईजवळ मी आहे. कुणीही काहीही पाठवू नका." तेवढं पक्कं झालं आणि बघ, दादा म्हणाला, मग ऑपरेशननंतरच्या रविवारी मी येतो. ताईने परीक्षा संपल्यानंतरचा आठवडा घेतला. आपली माणसं वाईट नाहीत गं, फक्त एकमेकांवर विसंबून बसली होती. तिकीट काढलं आहे. २४ ला पोहोचते. काठी आणणार नाही.

एक मात्र लिहायलाच हवं. शाळा सुटल्यावर मी तुझ्या एक्स्चेंजमध्ये येऊन बसायचे. पलीकडे कोणी उचललं नाही की बाकीच्या बायका "उचलत नाहीत" म्हणून मोकळ्या व्हायच्या. तू व्हायची नाहीस. पुन्हा जोडायचीस, दुसरीकडून जोडायचीस, आणि मध्येमध्ये लाइनवर थांबलेल्या त्या अनोळखी माणसाला एकच वाक्य सांगत राहायचीस. मला तेव्हा वाटायचं, माझी आई जगातली सगळ्यांत मोठी साहेबीण आहे. अजूनही वाटतं. ऑपरेशनला आत नेतील तेव्हा मी दाराशी असेन, बाहेर येशील तेव्हा खाटेशी. शेजारी आमची पेटी असली तर ती थेंब मोजेल, बाकीचं मी बघेन.

लाइन धरून ठेव. मी आहे.

तुझी,
बारकी