उलटा लागलेला डावा कप

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या. कामावर जायचं म्हणजे जिना उतरायचा, त्यामुळे उशीर झाला तर सबबही सांगता येणार नाही. सामान लावून पाठीचा काटा ढिला झालाय, पण मन खूश आहे. खिडकीतून ऊन येतं. टेबल रुंद आहे, तारा जोडायचं सोल्डरिंग आयर्न नवं आहे, भिंग तर माझ्या आधीच्या जागेपेक्षा दुप्पट मोठं. मालक शांत गृहस्थ आहेत, महागड्या हेडफोनांच्या दुरुस्तीत उभा जन्म गेलेला. त्यांच्या पत्नी चहा ठेवून गेल्या. हसल्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मौनीबाई ठेवून टाकलं.
बाबांना खोली पसंत पडली. आयुष्यभर बस स्थानकावर गाड्यांची घोषणा केलेला माणूस, निवृत्त होऊनही माइक सुटला नाही. आल्या आल्या खिडकीत उभे राहून त्यांनी जाहीर केलं, की आपली गाडी मुक्कामी पोहोचली असून प्रवाशांनी सामान तपासून घ्यावं. रस्त्यावरचे दोघं वर बघून हसले.

६ फेब्रुवारी
पहिलं मोठं काम. गिऱ्हाईक दंतवैद्य आहेत. दिवसभर ड्रिलची घरघर ऐकून कान किटतात म्हणून संध्याकाळी हा हेडफोन. तो त्यांना बॅलन्स्ड करून हवाय. साध्या जोडणीत दोन्ही कानांची परतीची तार एकच असते. बॅलन्स्डमध्ये प्रत्येक कपाची, म्हणजे कानावरच्या वाटीची, जाण्याची वेगळी, परतीची वेगळी. दोन जावांनी चुली वेगळ्या करण्यातला प्रकार. एकीचं दुसरीत मिसळत नाही, आवाज स्वच्छ होतो.
मालकांनी एकच गोष्ट बजावली. जोडून झालं की एकाच माणसाच्या बोलण्याची ध्वनिफीत लावायची आणि दोन्ही कानांनी ऐकायची. आवाज डोक्यात मधोमध उभा राहिला तर तारा बरोबर. एका कपात लाल-काळी तार उलटी लागली, तर त्याच्या आतला पडदा हवा ढकलायच्या वेळी ओढतो आणि आवाज कुठेच उभा राहत नाही. एका कानाने ऐकून हे कळत नाही. एका कानाने ऐकायचंच नाही, असं ते दोनदा म्हणाले. दोन्ही कप उलटे लागले तर, असं मी विचारलं. मग मधोमधच ऐकू येईल, म्हणून तर देवाने डोळे दिलेत, तारांचे रंग बघायचे, म्हणाले.

९ फेब्रुवारी
मालक मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेले, मौनीबाईही सोबत. दुकान माझ्यावर. केबल तयार केली, कप उघडले, चारही तारा लावल्या. बाबांनी मधेच तीनदा हाक मारली. चष्मा कुठे, औषध कुठलं, शेजारी कोण राहतं. दर वेळी सोल्डरिंग आयर्न ठेवायचं, जिना चढायचा. परत आलं की कुठली तार हातात होती तेच आठवत नाही.
चाचणी घेतली. उजवा कप कानामागे सरकवून ठेवला होता, नाहीतर बाबांची हाक ऐकू येत नाही. मालकांना कोण सांगायला जातंय? आवाज स्वच्छ होता.

११ फेब्रुवारी
नव्या जोडणीचा हेडफोन थोडे दिवस वाजवून बघतात, तसा वाजवतेय. डाव्या कानाने. ध्वनिफितीत दोन वाक्यांच्या मध्ये शांतता होती, तिथे बाबांची हाक आली. "ठकू." वर गेले. ते म्हणाले, हाक मारणार होतो, पण घशातून निघालीच नाही. मला वाटलं वय झालं. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला.

१३ फेब्रुवारी
बाबांचा आवाज बसलाय. डॉक्टरांनी घसा तपासला, काही नाही म्हणाले, बोलणं कमी करा म्हणाले. बाबांना बोलणं कमी करा म्हणणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणणं. पण खरंच कमी झालंय. मला ठकू म्हणतच नाहीत. चमच्याने पेला वाजवून बोलावतात.
लिहायला लाज वाटते, पण घर शांत झालं तर मला बरं वाटलं. मी फार थकलेय. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा सलग काम झालं.

१५ फेब्रुवारी
केबल काढून ठेवली होती. हेडफोन कशालाच जोडलेला नव्हता. उचलताना डावा कप कानाजवळ आला, आणि आत बाबा होते. फलाट क्रमांक दोनवरून गाडी सुटत आहे. चष्मा कुठे ठेवलास. ठकू. ठकू, अगं जेवलीस का.
वर धावले. बाबा खाटेवर बसलेले. तोंड उघडत होतं, मिटत होतं. मी ज्या ज्या शब्दाला कान दिला तो तो त्यांच्या तोंडातून गेलाय. त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. गळा हलत होता, नुसता हलत होता.
बाबांचा आवाज म्हणजेच बाबा. तो परत हवा. दुसरं काही नको मला.

१६ फेब्रुवारी
मालकांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, एक कान मोकळा ठेवला होता ना, आणि कुणी हाक मारली होती. मी हो म्हटलं.
त्यांनीही एकदा असाच ठेवला होता. तेव्हा त्यांच्या पत्नीने जेवायला हाक मारली होती. उलटा पडदा हाकच ओढून घेतो, म्हणाले. त्यांना चूक कळेपर्यंत गिऱ्हाईक हेडफोन घेऊन गेलं होतं, पुन्हा सापडलं नाही. मी त्या बाईंना मौनीबाई म्हणत होते.
उपाय त्यांनी सांगितला. डाव्या कपाच्या तारा सुलट कर, मधोमध ऐकू येतंय याची खात्री कर, मग बाबांच्या कानांवर चढव. ओढलेलं ढकलून निघेल. निघायला हवं, म्हणाले.
दंतवैद्य उद्या न्यायला येणार. आणखी दोन दिवस द्या म्हटलं. पैसे भरलेत, म्हणाले, उद्याच येतो.

१७ फेब्रुवारी, सकाळ
डोळ्याला डोळा नाही. कप उघडला, तारा सोडवल्या, अदलाबदल करून लावल्या. दंतवैद्यांची गाडी दारात लागायच्या आत व्हायला हवं.
झालं. दोन्ही कान झाकून ऐकलं. आवाज मधोमध उभा आहे, अगदी कपाळाच्या मागे. बरोबर झालं. रडू आलं मला. आता वर जाऊन बाबांना —

१७, नंतर
जिन्यातून बाबा म्हणून हाक मारली. मारलीच नाही गेली. पुन्हा. ओठ हलले —
कप भिंगाखाली धरला. डावा-उजव्याची अक्षरं झिजलेली. हेडफोन माझ्याकडे तोंड करून ठेवला होता, माझ्या डाव्या हाताला होता तो उजवा — मी चांगला होता तो उलटा केला. आता दोन्ही उलटे. म्हणून मधोमध. रंग बघायचे होते — रंग —
दोन्ही कान झाकले होते. ओढायला माझ्याशिवाय होतं कोण —
सोल्डरिंग आयर्न तापतंय. अजून सुलट करता येईल, दोन्ही, मग बाबांना —

दारात गाडी.

दंतवैद्य आत आलेत. टेबलावरून उचलला. मी मान हलवतेय, नाही, नाही — ते हसले. चढवला — हिसकायला गेले तर त्यांनी हात वर करून थांबवलं, डोळे मिटलेत — डोळे उघडले की हे पान समोर धरणार, म्हणून लिहितेय — काढा, डॉक्टर, तो काढा —
वर बाबा पेला वाजवतायत —
दंतवैद्य म्हणतायत, सुरेख झालंय हो, अगदी मधोमध. कुणीतरी गाडी सुटते आहे म्हणून सांगतंय. आणि एक बाई सारखी बाबा, बाबा म्हणून —

आवाज तुटला. दंतवैद्यांचं तोंड अजून हल