उभं राहायची सवय

अलाबामा, १ मार्च १९६०

तीर्थरूप बाबांस,

मी खुशाल आहे. तुमचा खोकला कसा आहे? मेपलच्या झाडांचा गोड पाक काढायला धाकटा एल्डन मदतीला येतो ना?

आज तिकडे आपल्या गावची वार्षिक गावसभा. विरोध असेल त्याने उभं राहायचं आणि दुपारी भांडलेल्यांनीच शेजारी बसून जेवायचं, हे फार आठवलं.

इथे कॉलेजातही आम्हा शिक्षकांची सभा होती. माझी विद्यार्थिनी लॉरेटा गोरी असून काळ्या मुलांबरोबर गोऱ्यांच्या हॉटेलात जेवायला बसली, म्हणून तिला कॉलेजातून काढायचं होतं. मागे तिने वर्गात विचारलं होतं, "बाई, आपण शिकतो त्या कादंबऱ्यांतली माणसं अन्याय स्वतःच्या डोळ्यांनी बघतात आणि काहीतरी करायला निघतात. तुम्हाला दिसतं तेव्हा तुम्ही काय करता?" सगळे हसले, मीही हसले.

"विरोध असेल त्यांनी हात वर करा," डीन म्हणाले आणि मी घरच्या सवयीने उभीच राहिले. एकटी.

"अहो बाई, हात पुरे होता!" मागून कुणीतरी म्हणालं.

पुन्हा हशा पिकला. तेव्हा बसता आलं असतं.

बाबा, उठले ती तुमच्या सवयीने, त्याला मी धैर्य म्हणणार नाही. बसले नाही, ते मात्र माझं.

लॉरेटाला काढलंच. जूनमध्ये कदाचित मलाही काढतील, मग घरी येईन. आईला एवढंच सांगा, की माझ्या खोलीतलं एल्डनचं सामान हलवून ठेव.

तुमची,
विनिफ्रेड