सगळ्यांचाच श्वास वीस

१२ मे, सोमवार. दुपारी २.१०

वेळ लिहूनच ठेवते. उद्या कुणी म्हणायला नको, म्हातारीला आठवत नाही.

जळगाव. हॉस्पिटलचा दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड, खाट क्र. ७. माझी थोरली बहीण अक्का, वय ७६, मधुमेह. दोन दिवस उलट्या. सुनीलने, तिच्या मुलाने, सकाळी 'उन्हाचा त्रास' म्हणून भरती केलं. मी धुळ्याहून मिळेल त्या एसटीने निघाले.

श्वास बघितला आणि पर्स खाली ठेवली. खोल, भराभर, चढावर गाडा ओढणाऱ्या बैलासारखा. जीभ लाकूड. तोंडाला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी. मनगटावरचं घड्याळ धरून पूर्ण मिनिट श्वास मोजला. ३६.

चार्टवर २०. दहाला २०, बाराला २०, दोनला २०. शेजारी दम्याची बाई धापा टाकतेय, तिचाही २०. पलीकडे पाय मोडलेली, २०. अक्काच्या चार्टचा मोबाईलवर फोटो काढला.

लघवी : 'पुरेशी'. भांडं अक्काची सून संडासात ओतून येते. मोजलं कुणीच नाही.

तिथल्या नर्स मुलीला म्हटलं, डॉक्टरांना बोलाव. "आजी, तुम्ही बाहेर बसा ना. राउंडला येतील." म्हटलं, तीस वर्षं तुझ्यासारख्या मुलींना हेच मोजायला शिकवलंय, बाहेर कुठे बसवतेस?

खाली फुगे, केक. आज परिचारिका दिन.

रात्री लिहिते : डॉक्टर आले ५.४० ला. साडेतीन तास.

१३ मे, मंगळ.

अक्का आयसीयूत. रक्तात आम्ल साचलंय, म्हणजे शरीर साखर सोडून चरबी जाळत बसलं. तो खोल श्वास आम्ल बाहेर फेकण्यासाठीच होता. मूत्रपिंडंही थकलीत. मोठे डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." म्हटलं, आणलं वेळेत. बघितलं उशिरा.

सुनीलकडून आज कळलं, शनिवारपासून इन्सुलिन बंद. "आई जेवतच नव्हती मावशी. मग सुई कशाला टोचायची?" अरे, आजारपणात तीच तर लागते! डॉक्टरला न विचारता बंद करतात का? घराघरात हीच चूक. भरती करताना कुणी विचारलं? नाही. तू सांगितलंस? नाही. चांगला झापला. मग रडायला लागला. चहा पाजला.

१५ मे, गुरु.

व्यवस्थापकांकडे केसपेपरच्या प्रती मागितल्या. "मॅडम, आमच्याकडे सगळं नियमाप्रमाणे असतं." म्हटलं, मग दाखवायला लाज कसली? अर्जावर पोच मागितली, तर शिक्का सापडेना. समोर खुर्ची ओढून बसले. पाऊण तासाने सापडला.

अक्का डोळे उघडते. ओळखते की नाही, कोण जाणे.

१६ मे, शुक्र.

झोप नाही. स्वतःशी तरी खरं लिहावं.

वीस मीसुद्धा लिहिलाय. नोकरीचं पहिलं वर्ष, वॉर्डात चाळीस जणी, मी एकटी. नाडी धरायची, ताप बघायचा, श्वासाच्या रकान्यात न बघता वीस. माझ्या आधीच्या मुलीनेही तेच. कुणी शिकवलं नाही, रकानाच शिकवतो. शाळेत, कॉन्व्हेंटात, नन सिस्टर हातावर पट्टी मारायच्या. खोटं सांगितलं तर दोन, खोटं लिहिलं तर चार. एवढ्या पट्ट्या खाऊनही वीस लिहिला. माझ्या हातून कुणी गेलं का? माहीत नाही. हेच वाईट, माहीतच…

१९ मे, सोम.

प्रती मिळाल्या. १२ तारीख, दु. २ : श्वास ३६. पुढे : '२.१५, डॉक्टरांना कळवले. २.३०, डॉक्टर तपासून गेले.'

अक्षर निराळं. दहा ते दोन एकच पेन, एकच हात, जणू एका बैठकीत लिहिलेलं. लघवी आता 'पुरेशी' नाही. मिलिलिटरमध्ये आहे! कुठल्या भांड्याने मोजली, देव जाणे.

माझ्या फोटोत २०.

हसू आलं. मग फोटो आणि प्रत शेजारी ठेवून पुन्हा वाचलं.

२० मे, मंगळ.

फाटकापाशी तीच मुलगी भेटली, मला बाहेर बसवणारी. नाव वर्षा. म्हणाली, "मॅडम, नवा कागद करून त्यावर माझी सही मागत होते. मी नाही केली. उद्यापासून येऊ नको म्हणाले."

"आणि तो वीस?"

"तो माझाच. अठ्ठावीस पेशंट, आम्ही दोघी. दुसरी खाली फुगे लावत होती."

म्हटलं, एक चूक केलीस, मग एक गोष्ट बरोबर केलीस. दोन्ही लिहून दे. बाकावर बसून दिलं लिहून. अक्षर सुरेख आहे पोरीचं.

२२ मे, गुरु.

अक्का वॉर्डात परत. पाय सुजलेले. लघवी किती होते हे मी मापाचा मग विकत आणून मोजते आणि वहीत टिपते. आज फारच कमी. डायलिसिसचं डॉक्टर शनिवारी ठरवणार.

सुनील : "मावशी, जाऊ दे ना. आई अजून त्यांच्याच हातात आहे." त्याचं चूक नाही. ते मला कळत नाही असं का वाटतं याला?

अक्काला विचारलं, तक्रार करू का? तिची आपली अहिराणी, "भांडीसन काय व्हई वं?" भांडून काय होणार, म्हणे. डोळे मिटले. झोपली वाटलं. तर म्हणते, "ती बाजूनी बाईना श्वास कोनी मोजा का?"

संपलं. करणार.

२४ मे, शनि.

डायलिसिस सोमवारी, हे सकाळी ठरलं. दुपारी स्वतःच्या हाताने पत्र दिलं, पोच घेतली. या वेळी शिक्का लगेच सापडला. नक्कल :

'१२ मे रोजी दु. २.३० ला डॉक्टर आले असे तुमचा कागद सांगतो. मी खाटेशी होते, कुणी आले नाही. त्या दिवसाच्या मूळ चार्टचा फोटो सोबत आहे. दुसरा कागद कुणी, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून केला, ते नावानिशी कळवावे. नर्स वर्षा यांना काढल्याचे सांगून प्रकरण मिटवू नये. मला त्यांची नोकरी घालवायची नाही, तुमचा खुलासा हवा. त्यांना कामावर परत घ्यावे. दर पाळीत किती पेशंटमागे किती नर्स असतात, तेही लिहावे.

माझी बहीण तुमच्याकडेच उपचार घेत आहे. तिच्या उपचारात या पत्रामुळे काडीचा फरक पडला, तर त्याचीही वेळ मी टिपून ठेवीन. भेटीच्या वेळेत मी रोज खाटेशी असते.

खुलासा सही-शिक्क्यासह, शनिवार ३१ मे, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात मिळावा. फोन, तोंडी निरोप किंवा चहाला बोलावणे हे उत्तर समजले जाणार नाही.'